पहिला घाणा

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
१२ जानेवारी २०२५

चि. मनाली,

जयभीम. तू मोबाईलवर आपल्या डंकाच्या ॲपचं जे काही पाठवलंस ते मी उघडलं. बावीस पानं आहेत, अक्षरं मुंगीएवढी आणि निम्मं इंग्रजी. मोबाईल डोळ्यांपाशी धरून वाचत होते, तर मिरचीचा हात डोळ्याला लागला. अर्धा तास नळाखाली उभी होते. तुझ्या ॲपची आणि माझी ओळख झाली ती अशी.

आता फोनही करू नकोस. डंकाची चारही मुसळं आपटत असतात तेव्हा पुढ्यात उभ्या गिऱ्हाइकाचं मला ऐकू येत नाही, तुझं बदलापूरहून काय येणार. काय करणार आणि किती लागणार ते कागदावर लिही, मराठीत लिही. कुंदा रोज तुझ्या खरवईहून इथे कामाला येते. तिच्या पिशवीतून पत्र पाठव.

राग ॲपचा नाही, हे आधीच सांगते. गेल्या मेमध्ये तू इथे आलीस, मसाला कुटायला आलेल्या बायका तीन-तीन तास उभ्या राहून कंटाळून परत जाताना पाहिल्यास आणि मला म्हणालीस, "आत्या, तुझा डंक जुन्या जमान्यात अडकलाय." याच डंकाने तुझ्या बापाला आयटीआय करून अंबरनाथच्या फॅक्टरीत लावलं, आणि त्या पगारावर तू इंजिनियर झालीस. ते बोलणं मला अजून झोंबतंय.

पण गिऱ्हाईक तुटतंय हे खरं. गेल्या सीझनला चाळीस घरं कमी झाली. शेजारचा जीन्सवाला दर महिन्याला गाळ्याचं विचारून जातो, त्याला आणखी मशीनं टाकायची आहेत. यंदाही तसंच झालं तर मी त्याला हो म्हणणार आहे. तुझ्या आजीने उभा केलेला डंक माझ्या हातून बंद होईल. एवढ्यासाठी तुला विचारलं, नाहीतर विचारलं नसतं.

तुझी आत्या
माया

---

खरवई, बदलापूर
१९ जानेवारी

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम. बावीस पानं लिहायला मला तीन रविवार लागले होते. ऑफिसात याच कामाचे मला पैसे मिळतात, तुझ्याकडून नळाखालची तक्रार मिळाली. असो. मराठीत लिहिते.

बायका मसाल्याला कंटाळत नाहीत, उभं राहायला कंटाळतात. मिरची भाजून आणायची, नंबर लावायचा आणि पुढच्या दहा जणींचं होईपर्यंत ठसकत बसायचं. ॲपमध्ये बाई घरी बसून दिवस आणि वेळ निवडेल, किती किलो ते टाकेल. तिच्या आधी दोघींचे घाणे कुटायचे उरले की तिला मेसेज जाईल. ती येईल, वीस मिनिटं आपल्या उखळासमोर उभी राहील, मसाला घेऊन जाईल. बस, इतकंच.

आता खर्च. अल्पेश माझ्या आधीच्या ऑफिसातला, आता स्वतःचं काम घेतो. त्याच्याकडून आकडे घेतलेत. स्क्रीन कशा दिसतील त्याचे तीस हजार. गिऱ्हाइकाचं ॲप आणि तुझ्या बाजूचं, म्हणजे कुंदा काउंटरवर नंबर बघेल ते, मिळून एक लाख साठ हजार. मिरची घरून नेण्या-आणण्याची सोय आणि ती रिक्षा कुठे आहे हे दाखवणारा नकाशा, साठ हजार. सगळं नीट चालतंय का हे तपासायला पंधरा. अडीअडचणीला पंचवीस. एकूण दोन लाख नव्वद हजार.

हा झाला एकदाचा खर्च. लोक इथेच फसतात. ॲप बांधलं की संपलं असं नसतं. सर्व्हर, मेसेज आणि दुरुस्ती धरून दरवर्षी बेचाळीस हजार लागतील. ते कुठून येणार हे आज ठरवलं नाही तर दोन वर्षांनी ॲप बंद पडेल आणि तू मला शिव्या देशील.

एक सुचवते. सकाळी सात ते साडेसात चारही उखळांत आपण घरचीच मिरची कुटतो, पाव-पाव किलो. सीझनचा तेवढा वेळ रोज फुकट जातो. तो विकता येईल.

तुझी
मनाली

---

उल्हासनगर
२६ जानेवारी

चि. मनाली,

दोन लाख नव्वद. माझ्याकडे दोन लाख आहेत, तेही तिसऱ्या उखळाच्या मोटारीसाठी ठेवलेले. तुझ्या अल्पेशला सांग, बाई मसाला कुटते, सोनं कुटत नाही.

साठ हजारांचा नकाशा कशाला? चव्वेचाळीस वर्षं झाली डंकाला, आपली मिरची नजरेआड करणारी बाई मी पाहिली नाही. दुसरीचा लवंग-दालचिनीचा वास आपल्यात आला तरी ती भांडते. मिरची रिक्षात बसवून देईल आणि आपण घरात मोबाईलवर नकाशा बघत बसेल, ही बाई तू कुठे पाहिलीस? तू नकाशे बघतेस म्हणून सगळे बघतात असं धरून चाललीस.

दिसण्याचे तीस हजार काढ. आईचा फोटो लाव, नाव लिही, जनाबाई मसाला डंक. ओळखणारे ओळखतील. तपासायला पंधरा हजार कशाचे, तू ऑफिसात दुसऱ्यांची ॲपं तपासतेस ना? मग घरचं तपास. आणि अडीअडचणीचे पंचवीस म्हणजे काय? अडचण यायच्या आधीच तिला पैसे द्यायचे?

आणि घरचा घाणा फुकट जात नाही. तो सकाळीच निघेल. का ते तू आजवर विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही.

आत्या

---

खरवई
५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नकाशा काढला. तुझं बरोबर आहे आणि मला हे लिहिताना त्रास होतोय. दिसण्याचे बारा हजारांवर आणले, आजीचा फोटो लावू. तपासणी मी करीन, शनिवार-रविवार घालून. पण अडीअडचणीचे पंचवीस मी काढणार नाही, तू कितीही ओरडलीस तरी. कागदावर ठरवलेलं आणि बांधताना लागणारं कधीच सारखं नसतं. शिल्लक राहिले तर तुझी मोटार घे. आता एकूण एक लाख सत्त्याण्णव हजार.

राहिले दरवर्षीचे बेचाळीस. मी आमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर प्रश्न टाकले होते, उल्हासनगरच्या एका डंकाचं ॲप येतंय, तुम्ही वापराल का, काय हवं. एकशे दहा घरांपैकी चौसष्ट जणी हो म्हणाल्या. अंबरनाथ आणि कॅम्पातले वेगळेच. आणि सकाळच्या सातच्या नंबराला सगळ्यात जास्त मागणी आहे. त्यासाठी जास्त पैसे द्यायला तयार आहेत. लोकांना लवकर उरकायचं असतं. चार उखळं, रोजचे चार नंबर, प्रत्येकी दोनशे जास्त, पंच्याहत्तर दिवसांचा सीझन. साठ हजार होतात आत्या. वर्षाचा खर्च निघून अठरा हजार उरतात.

घरचा घाणा संध्याकाळी काढलास तर चालेल का? विचार कर. रागावू नकोस.

मनाली

---

उल्हासनगर
१० फेब्रुवारी

चि. मनाली,

घरचा घाणा साडेसहाला काढीन. मी अर्धा तास आधी उठेन. नोकरी करणाऱ्या पोरींना सातला उरकून गाडी पकडायची असेल तर मी अडवणारी कोण, माझीही भाची नोकरी करते. दोनशे जास्त वाटतात, पण देत असतील तर घेऊ.

साठ हजारांचा चेक कुंदाबरोबर देते. अल्पेशला म्हणावं, एक मार्चला ॲप चालू हवं. आईचा फोटो तो निळ्या साडीतला लाव, लग्नातला नको.

आत्या

---

उल्हासनगर
३ मार्च

मनाली,

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. आज डंक दुपारी बंद केला आणि लिहायला बसले.

काल रविवारी कुंदा तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये ॲपची पत्रकं वाटायला गेली होती. अल्पेशने छापलेली, तू मजकूर दिलेली, मला न दाखवलेली. तिने मला आज एक आणून दिलं. त्यावर लिहिलंय, "पहिला घाणा, धुतलेल्या उखळात. फक्त दोनशे रुपये जास्त."

तुझ्या शेजारच्या नीलिमाबाईंनी पत्रक वाचलं आणि कुंदाला म्हणाल्या, "हे बरं केलं. आपल्या आधी कुणाकुणाचं कुटलंय कोणास ठाऊक. पैसे गेले तरी चालतील, मनाला बरं वाटतं." मग विचारलं डंक कुणाचा. कुंदा सरळ बाई, तिने सांगितलं, बनसोडे बाईंचा. त्यांनी पत्रक चपलांच्या रॅकवर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

म्हणजे सातची गाडी कुणालाच पकडायची नव्हती. तुला हे माहीत होतं. त्यांनी तुला ग्रुपवर काय लिहिलं ते तू वाचलंस, त्याचा भाव दोनशे रुपये ठरवलास आणि मला सांगितलंस, लोकांना लवकर उरकायचं असतं. मी म्हातारी अर्धा तास आधी उठायला तयार झाले. कशासाठी? माझ्या मिरचीनंतर त्यांनी उखळ धुवून घ्यावं म्हणून?

आणि धुतलेलं उखळ. पाणी गेलं की उखळ दिवसभर वाळत नाही, मसाल्याला बुरशी येते. आपण कोरड्या फडक्याने पुसतो हे तुला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. धंदा बुडाला तरी चालेल, पण त्यांचं मन धुतलं गेलं पाहिजे, असंच ना?

कुंदाने आणखी एक सांगितलं. ती सांगत नव्हती, मी खोदून विचारलं. तुझ्या दारावर पाटी आहे, "मनाली एम." एम म्हणजे महेंद्र, तुझा बाप, हे मला कळतं. बनसोडे कुठे गेलं?

ॲप बंद कर. अल्पेशला दिलेले साठ हजार गेले असं मी समजते.

माया

---

खरवई
६ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. तू ओरडलीस, आता माझं ऐक.

हो, माहीत होतं. चौसष्टपैकी एकोणतीस जणींनी पहिला घाणा मागितला. सगळ्यांनी कारण लिहिलं नव्हतं. कुणी उपवासाचं लिहिलं, कुणी आम्ही लसूण खात नाही असं. नीलिमाकाकूंनी मला लिफ्टमध्ये तोंडावर सांगितलं. सांगताना माझ्या हातावर हात ठेवला होता. गुढीपाडव्याला माझ्या घरी श्रीखंड आणून देणारी हीच बाई. मी काय म्हटलं माहितीय? मी म्हटलं, हो ना काकू.

घर घेताना एजंटने आधी आडनाव विचारलं होतं आणि मग म्हणाला, मॅडम, त्या विंगमध्ये नाही, या विंगमध्ये बघू. मी त्याच विंगमध्ये घेतलं, दुसऱ्या एजंटकडून, जास्त पैसे देऊन. मग पाटी करायला गेले आणि दुकानदाराने विचारलं, काय लिहू? माझ्या तोंडून एम बाहेर पडलं. तीन वर्षं ती पाटी मी रोज बघते. तू कॅम्प तीनमध्ये आपल्या माणसांत राहतेस, अख्खी गल्ली तुला माया बनसोडे म्हणून ओळखते. तुला सोपं आहे.

आणि तरीही मी ते दोनशे रुपये रागानेच लावले होते. मला वाटलं, भरा दंड. तुमच्या मनातल्या घाणीचे पैसे तुम्हीच भरा, त्यातून आमच्या आजीचा डंक चालू राहू दे. वर्षाला साठ हजार, तेही त्यांच्या खिशातून. यात आपण कुठे हरतो, सांग ना. पैसा कुणाकडून आला हे पैशावर लिहिलेलं नसतं. तुझ्याकडे दुसरा काही उपाय आहे बेचाळीस हजारांचा? गाळा जीन्सवाल्याला देणार आणि मग तत्त्वं घेऊन बसणार का?

खोटं लिहिलं ते चुकलं. धुण्याचंही चुकलं, तो शब्द अल्पेशने घातला आणि मी काढला नाही. बाकीचं चुकलं असं मला वाटत नाही.

मनाली

---

उल्हासनगर
११ मार्च

चि. मनाली,

तीन दिवस तुझं पत्र डब्याखाली दाबून ठेवलं होतं. तू म्हणतेस त्यातलं एक खरं आहे, मला सोपं आहे. आईला नव्हतं. म्हणून आता सांगते, घरचा घाणा सकाळीच का.

आईने १९८० ला कर्ज काढून दोन उखळं घेतली. त्या सीझनला अंबरनाथहून एका साहेबाची बायको यायची, बरोबर तिच्या ओळखीची अकरा घरं. आईला तिने पहिल्या दिवशीच सांगितलं, आमचा घाणा पहिला, आणि त्याआधी उखळ आमच्या पाण्याने धुवायचं. किलोमागे चार आणे जास्त देईन म्हणाली. म्हणजे तुझी युक्ती नवी नाही, पोरी. तुझ्या आजीने ती तुझ्या आधी केली आहे. आईही हेच म्हणायची की पैशावर लिहिलेलं नसतं. हप्ता डोक्यावर होता.

दोन सीझन ते चाललं. बाई तांब्याने पाणी ओतायची, आम्ही उखळ उन्हात वाळवायचो, दुसरं चालवायचो. मी चौदा वर्षांची होते, चाळण धरायचे. एकदा मी पायरीवर बसले होते तेव्हा तिने तांब्या वर धरला आणि मला म्हणाली, "तू जरा खाली उतर, शिंतोडे उडतील." शिंतोडे माझ्यावर उडतील म्हणून नाही. माझ्या अंगावरून परत पाण्यात जातील म्हणून. मला ते तेव्हा कळलं नाही. मी उतरले आणि तिला हसून म्हटलं, हो ना काकू.

तुझ्या पत्रात तेच तीन शब्द वाचले आणि पत्र डब्याखाली ठेवलं.

आईने ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने घरची मिरची भाजली, दोन्ही उखळांत पाव-पाव किलो टाकली आणि कुटून घेतली. सातला बाई आली. आईने कोरड्या फडक्याने उखळ पुसलं आणि म्हणाली, "पहिला घाणा झाला. तुमचा नंबर दुसरा."

बाई गेली, अकरा घरं गेली. तो सीझन कोरडा गेला. आईने आणि मी पावसाळाभर शिवलेल्या कपड्यांचे धागे कापले, नगावर. पण त्या दिवसापासून या डंकात पहिला घाणा जनाबाईचा. आई गेली त्या दिवशीसुद्धा महेंद्रदादाने स्मशानातून येऊन पाव किलो कुटली. ज्याला दुसरा चालतो तोच आपलं गिऱ्हाईक, हे तिने तेव्हा ठरवून टाकलं. तेव्हापासून त्यातच डंक चालला.

आपण कुठे हरतो, असं विचारलंस. चार आण्यांमुळे आम्ही हरलो नव्हतो. मी हसले तिथे हरलो.

दरवर्षीच्या खर्चाला माझ्याकडे उपाय नाही. तू शिकलेली आहेस, तू बघ. नाहीच जमलं तर गाळा जाईल. जाऊ दे.

आत्या

---

खरवई
३० मार्च

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम. तू ॲप बंद करायला सांगितलं होतंस. मी केलं नाही. आणखी एकदा शिव्या दे.

आधी हिशोब. अडीअडचणीचे पंचवीस हजार आठवतात ना, ज्यांच्यावरून तू मला बोलली होतीस? त्यातले नऊ हजार गेले. अल्पेशकडून पहिल्या घाण्याचा सगळा भाग काढून टाकून घेतला आणि नवीन घातला. नवीन पत्रकंही त्यातच. दरवर्षीच्या खर्चावर त्याच्याशी दोन तास भांडले. मेसेज प्रत्येक टप्प्याला जात होते, ते एकावर आणले, दुरुस्तीचं काम अर्धं मी करणार. बेचाळीसचे तीस झाले. नंबर लावायचे दहा रुपये, सगळ्यांना सारखे, सकाळचा असो की दुपारचा. दिवसाला चाळीस घाणे धरले तर पंच्याहत्तर दिवसांत तेवढेच तीस हजार होतात. उरत काही नाही, पण तुटतही नाही.

आता नवीन काय घातलं ते. ॲप उघडून दिवस निवडला की चारही उखळांचे नंबर दिसतात. रोज, प्रत्येक उखळाचा पहिला नंबर भरलेला असतो. पुढे नाव येतं, जनाबाई बनसोडे. तो कुणाला घेता येत नाही, पैसे देऊनही नाही. अल्पेश म्हणाला, मॅडम, लोक म्हणतील यात काहीतरी बिघाड आहे. मी म्हटलं, असंच पाहिजे.

झालंही तसंच. परवा नीलिमाकाकूंनी ग्रुपवर लिहिलं, ॲप सहज उघडून पाहिलं, रोज पहिला नंबर एकाच बाईला का, या जनाबाई कोण? मी लिहिलं, "माझी आजी. डंक तिने सुरू केला, तिथे पहिला घाणा तिचाच असतो. तुम्हाला दुसरा मिळेल." खाली नाव लिहिलं, मनाली महेंद्र बनसोडे.

एकशे दहा घरांनी वाचलं. मग कुणीतरी पाण्याचा टँकर किती वाजता येणार ते विचारलं आणि सगळे त्यावर बोलायला लागले. काकू आता लिफ्टमध्ये आकडे बघत उभ्या राहतात. आज पाडवा, श्रीखंड आलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या माणूस म्हणून मला आवडायच्या.

चौसष्टपैकी तेवीस घरांनी नंबर लावलेत. अंबरनाथ आणि कॅम्प मिळून एकशे चाळीस. गेल्या वर्षी तुटलेली घरं भरून निघतील की नाही ते मे संपल्यावर कळेल. मी तुला खात्री देत नाही.

दाराची पाटी बदलली. चारशे पन्नास रुपये लागले, ते ॲपच्या खर्चात धरलेले नाहीत.

तुझी
मनाली

---

उल्हासनगर
२ एप्रिल

चि. मनाली,

जीन्सवाला आज पुन्हा आला होता. त्याला सांगितलं, मेनंतर ये, आता उभं राहायला जागा नाही. आणि खरंच नव्हती.

तेवीस तर तेवीस. कुंदाने मला ॲप उघडून दाखवलं. आईचं नाव चार वेळा आलंय. मी ते पाहिलं आणि कुंदाला उगाचच ओरडले की मिरची नीट निवडत नाहीस.

रविवारी सकाळी सातच्या आत ये. माझे गुडघे दुखतात, चार उखळांत पाव-पाव किलो टाकायला वाकवत नाही. मिरची मी भाजून ठेवते. तू उशीर केलास तर नंबर पुढे ढकलणार नाही, मशीन बंद ठेवीन. आणि रांग कुणामुळे खोळंबलीय ते सगळ्यांना सांगीन, आडनावासकट.

आत्या